इंजिनातली तारीख

इंजिन सुरू झालं तेव्हा मैनाबाई देवघरात फुलवाती वळत बसल्या होत्या. अमरावतीच्या साईनगरातल्या त्या घराच्या अंगणात तीन वर्षांपासून एक जुनी फ्रेंच गाडी उभी होती आणि तीन वर्षांत तिच्याकडून फक्त ठोकण्याचे, घासण्याचे आणि त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे नत्थुजींच्या, उसाशांचे आवाज आले होते. आज पहिल्यांदा तिनं स्वतःचा आवाज काढला. आधी खोकली, मग दम खाल्ला, आणि मग टाळकऱ्यांनी ठेका धरावा तशी एका लयीत लागली. मैनाबाईंचा वातीवरचा हात थांबला. त्या साखरेचा डबा घेऊनच बाहेर आल्या. नवऱ्याच्या हातावर साखर ठेवली, अब्दुल सत्तार मिस्त्रींच्या हातावर ठेवली आणि थोडी इंजिनाच्या झाकणावरही ठेवली.

नत्थुजी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. मोर्शीकडच्या एका संत्रा बागायतदाराच्या गोठ्यात त्यांना ही रेनो डोफिन सापडली. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती, त्यामुळे पिल्लं निघेपर्यंत गाडीचा ताबा मिळाला नव्हता. इंजिन गाडीच्या मागच्या बाजूला. बघायला येणारा प्रत्येक जण समोरचं झाकण उघडायचा आणि आतली रिकामी जागा पाहून, इंजिन कधी चोरीला गेलं, असं हळहळून विचारायचा. गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं. तेही फ्रेंच. नत्थुजी आणि सत्तारभाई त्यातली चित्रं बोटानं दाखवून चर्चा करत, आणि मजकुराच्या बाबतीत दोघांचं एकमत होतं की त्यात काही विशेष नसावं.

शेवटचा घोळ पाण्याच्या पंपाचा होता. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये पुठ्ठ्याचं पॅकिंग बसतं. ते फ्रान्सहून येणार नव्हतं, म्हणून इथल्या कुठल्याही मिस्त्रीसारखं सत्तारभाईंनी ते घरीच कापायचं ठरवलं. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा गळला. कॅलेंडरचा गळला. मिठाईच्या डब्याचा तर विरघळला. शेवटी नत्थुजींना त्या फ्रेंच पुस्तकातच पानांमध्ये एक पांढरं कोरं कार्ड मिळालं. घट्ट, गुळगुळीत, हवं तेवढंच जाड. फ्रेंच लोकांनी विचार करूनच ते ठेवलं असणार असं म्हणत नत्थुजींनी ते काढून दिलं. सत्तारभाईंनी त्यावर पंप ठेवून पेन्सिल फिरवली, कात्री चालवली, ग्रीस लावलं आणि तीन बोल्ट आवळले. उरलेले तुकडे आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत गेले. पाण्याचा एक थेंबही गळला नाही.

इंजिन सुरू झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाबाई नेसून तयार झाल्या आणि त्यांनी ते पुस्तक मांडीवर घेऊन पान न् पान उलटलं. मग उलटं धरून झटकलं.

"यात एक कार्ड होतं," त्या म्हणाल्या. "कुठं हाये?"

नत्थुजी चहा बशीत ओतत होते. ते थांबले. "कोरं?"

"एका अंगानं कोरं. दुसऱ्या अंगानं महाराजाचं अक्षर."

दुसरं अंग कुणी पाहिलंच नव्हतं. नत्थुजींनी अंगणाकडे पाहिलं. मैनाबाईंनीही पाहिलं. गाडी उन्हात शांत उभी होती.

"त्या पुस्तकात तू काहून ठेवलं?"

"तुमी ते वाचत नाई म्हणून."

नत्थुजींनी बशीतला चहा परत कपात ओतला.

कार्ड साधं नव्हतं. अकोल्याचे मोतीराम महाराज म्हणजे असा गळा, की मागच्या रांगेत डुलक्या घेणारा माणूसही नामस्मरणाला उठून बसावा. पण वय अठ्ठ्याहत्तर, आणि स्मरण कीर्तनातल्या ओव्यांपुरतंच पक्कं उरलेलं. चार वर्षांपूर्वी त्यांनी एकच दत्तजयंती दोन गावांना दिली होती. शब्द दोघांनाही दिलेला, म्हणून महाराजांनी एका गावी पूर्वरंग केला आणि जीपमध्ये बसून दुसऱ्या गावी उत्तररंग केला. दोन्हीकडची माणसं अर्धी अर्धी पावन होऊन घरी गेली. तेव्हापासून महाराजांनी नियम केला. तारीख द्यायची ती जाड कार्डावर, स्वतःच्या अक्षरात. आठ दिवस आधी ते कार्ड अकोल्याला आणून दाखवायचं. दाखवलं तर कीर्तन, नाही तर तारीख मागच्या माणसाला. फोन महाराज ठेवत नसत, कारण पूर्वीचा सगळा गोंधळ फोनवरच झाला होता.

मैनाबाई अकरा वर्षं दत्तजयंतीसाठी थांबल्या होत्या. त्यांना कधी अष्टमी मिळाली, कधी नुसताच मंगळवार. या वर्षी दत्तजयंती मिळाली होती, दीडशे माणसांना सांगून झालं होतं, आणि कार्ड दाखवायचा दिवस आजचा होता. त्यांच्यामागे यादीत नांदगाव खंडेश्वरचे सूर्यभानजी होते. सूर्यभानजी दरवर्षी त्या दिवशी सकाळीच अकोल्याला जाऊन महाराजांच्या ओसरीवर बसत, कुणी चुकलंच तर आपण जवळ असावं म्हणून.

सत्तारभाईंना बोलावणं गेलं. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. ते तीन बोल्ट हलवायलाच मागं तीन महिने रॉकेल पाजावं लागलं होतं आणि पुठ्ठ्यांपायी पुन्हा पुन्हा आवळून-उघडून ते पार झिजले होते, याची त्यांनी आठवण करून दिली.

"भाबी, खोलून देतो. पर तीन में से एक तुटनच. कोनता, ते अल्ला जाने. आनि तुटला तर गाडी महिनाभर बसली समजा."

नत्थुजींनी इंजिनावर हात ठेवला. कालची साखर अजून तिथंच होती, मुंग्या लागल्या होत्या. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "खोला."

मैनाबाईंनी हात वर करून थांबवलं. आयुष्यभर कीर्तन ऐकलेल्या बाईला शब्दाचं वजन कळतं. "महाराजानं चिठ्ठी दाखवा म्हटलं," त्या म्हणाल्या. "काढून दाखवा, असं नाई म्हटलं."

अशा रीतीनं ती चिठ्ठी, सभोवतालच्या गाडीसकट, अकोल्याला निघाली.

बडनेरा ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे कापसाचे ट्रॅक्टर त्यांना मागं टाकून जाऊ लागले. एका ट्रॅक्टरवाल्यानं तर बराच वेळ बाजूनं चालवत, ही गाडी कोणत्या साली घेतली, ही कितीला पडली आणि एवढं सोसून ही घेतलीच का, अशी सगळी चौकशी केली. मूर्तिजापूरच्या अलीकडे सत्तारभाईंनी कान टवकारले आणि गाडी बाजूला घ्यायला सांगितली. पंपाखाली थेंब दिसत होते. कार्ड कितीही चांगलं असलं तरी ते शंभर किलोमीटरच्या प्रवासासाठी बनवलेलं नव्हतं.

मैनाबाई वाकून पाहत राहिल्या. "माझी तारीख गळून राहिली," त्या हळूच म्हणाल्या.

मग दर पाच-सहा मैलांना थांबून पाणी भरत, पोळीभाजी खात, बोरगाव मंजूला चहा घेत ते दुपारी अडीचला महाराजांच्या घरी पोचले. महाराज अंगणात खाटेवर उन्हाला बसले होते. ओसरीवर सूर्यभानजी होते. त्यांनी सोबत पेरूची टोपली आणली होती आणि मैनाबाईंना पाहून ती थोडी मागं सरकवली.

नमस्कार झाला. महाराजांनी हात पुढे केला. "चिठ्ठी?"

"आनली महाराज. बाहेर उभी हाये."

महाराज चष्मा लावून बाहेर आले. त्यांनी समोरचं झाकण उघडून आत पाहिलं. त्यांना हाताला धरून मागच्या बाजूला नेण्यात आलं. सत्तारभाईंनी दोन लोखंडांमधली केसाएवढी पांढरी किनार दाखवली. महाराजांनी ती पाहिली, नत्थुजींकडे पाहिलं, पुन्हा किनार पाहिली.

"अक्षर दिसत नाई," ते म्हणाले.

"असं चालू झालं तं मीबी म्हनीन, माहं कार्ड बोअरच्या मोटरीत हाये," सूर्यभानजी म्हणाले. हे बोलणं कडू असलं तरी खोटं नव्हतं, आणि महाराजांचा नियम महाराजांनाही मोडता येत नव्हता. त्यांनी मान खाली घातली.

नत्थुजींनी पाना सत्तारभाईंच्या हातात दिला आणि स्वतः तोंड फिरवून उभे राहिले. पहिला बोल्ट निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्यानं कट् केलं.

सत्तारभाईंनी भिजलेलं पॅकिंग दोन बोटांनी उचलून मैनाबाईंच्या पुढ्यात ताटलीत ठेवलं. सगळी डोकी वाकली. जिथं तारीख होती तिथं पाणी जायचं मोठं भोक होतं. 'मैनाबाई'मधली नुसती 'बाई' उरली होती, आणि 'दत्तजयंती'मधला अर्धा 'दत्त'.

"दत्त तं साऱ्याईच्याच घरी येते," सूर्यभानजी म्हणाले, पण आता त्यांचा आवाज बारीक झाला होता, कारण तेही तुटलेल्या बोल्टकडेच पाहत होते.

महाराज मात्र ताटलीत फार वेळ पाहत नव्हते. त्यांनी नत्थुजींना विचारलं की गाडीला किती दिवस लागले. तीन वर्षं, असं कळलं. कधी चालू झाली? काल. महाराज आत गेले आणि गठ्ठ्यात उरलेली शेवटची दोन कार्डं घेऊन आले. एकावर मैनाबाईंची या वर्षीची दत्तजयंती पुन्हा लिहिली, 'बाई'चं अक्षर आपलं आहे, एवढं पुरे, असं म्हणाले. दुसऱ्यावर सूर्यभानजींना पुढच्या वर्षीची लिहून दिली.

गाडी तिथंच राहिली. तुटलेला बोल्ट काढायला सत्तारभाई अकोल्यातल्या लेथवाल्या भाच्याकडे थांबले; तिथं महिन्याचं काम आठवड्यात होण्यासारखं होतं. नवराबायको एसटीनं परतले. मैनाबाईंनी कार्ड पदराच्या गाठीत बांधून वर हात ठेवला होता. नत्थुजी खिडकीबाहेर पाहत होते. मूर्तिजापूर गेल्यावर मैनाबाईंनी पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि सगळ्या फोडी त्यांनाच दिल्या.

दत्तजयंतीला अंगणात मांडव पडला. गाडीच्या रिकाम्या जागी महाराजांसाठी गादी घातली होती. महाराज दुपारच्या एसटीनं यायचे होते. चार वाजले, पाच वाजले. टाळकरी तिसऱ्यांदा चहा प्यायले. मैनाबाईंनी पदरातलं कार्ड काढून पाहिलं. तारीख बरोबर होती. दीडशे माणसं त्यांच्याकडे पाहत होती.

साडेपाचच्या सुमारास गल्लीच्या टोकाशी तो ठेका ऐकू आला. सत्तारभाई गाडी चालवत होते, शेजारी महाराज मांडीवर चिपळ्या घेऊन बसले होते, आणि मागच्या सीटवर पाण्याचा कॅन धरून सूर्यभानजी होते. महाराजांनी एसटीत बसायला साफ नकार दिला होता. ज्या बाईचं कीर्तन, तिच्याच गाडीतून जाईन, असं त्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं.

नत्थुजी महाराजांच्या पाया पडले आणि तसेच वाकून पंपाखाली हात घालून आले. हात कोरडा होता.

"पॅकिंग कायचं घातलं?" त्यांनी विचारलं.

सत्तारभाईंनी सूर्यभानजींकडे पाहिलं. सूर्यभानजींनी उपरणं सारखं केलं.

"गाडी कुठवर आली ते पाहाले गेलो, तं महाराजाजवळ कोरं कार्ड उरलं नोतं," ते म्हणाले. "दुसरं कोनतंच टिकत नाई म्हने. मंग मी म्हटलं, घ्या माहं."

कीर्तन तीन तास झालं. महाराजांनी पूर्वरंग आणि उत्तररंग एकाच मांडवात केले. आरतीला मैनाबाईंचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. त्या रात्री अंगणातलं एकही माणूस अर्धं घरी गेलं नाही.

निघताना सूर्यभानजींनी नत्थुजींचा हात धरला. "भाऊ, आता पुढच्या दत्तजयंतीपावतर याले पाना लावू नका. गावाले सांगून बसलो मी."

नत्थुजींनी शब्द दिला. तेव्हापासून सूर्यभानजी महिन्यातून एकदा नांदगाव खंडेश्वरहून येतात, पंपाखाली हात घालतात, कोरडा निघाला की चहा घेऊन जातात. तिसऱ्या सिलेंडरमध्ये एक बारीक ठकठक आहे. नत्थुजींना ती ऐकू येते, सत्तारभाईंनाही येते. दोघं संध्याकाळी पायरीवर गुडघ्यांवर हात ठेवून ती ऐकत बसतात. पाने पुसून, तेल लावून खुंटीला टांगलेले आहेत.

मैनाबाईंना मात्र गाडी फार आवडू लागली आहे. आठवड्यातून दोनदा तरी त्या कुठल्या ना कुठल्या कीर्तनाला तिच्यातूनच जातात, आणि नत्थुजी गाडी चालवतात. नत्थुजींना गाडी खोलायला आवडायचं; चालवायला पहिल्यापासूनच आवडत नव्हतं.