दोन खांब आणि एक दांडा

"एजे, तुमच्या बागेत क्रीडासाहित्य आहे की!" उद्यान खात्याचा एर्मेक आदराने म्हणाला आणि त्याने बोट दाखवलं.

बुबूसाराने तिकडे पाहिलं. दोन लोखंडी खांब होते, त्यांच्यावर एक आडवा दांडा होता, आणि दांड्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या शारिपाचा लाल गालिचा सकाळपासून लोंबत होता. बागेभोवतीच्या चारही इमारतींचे गालिचे वर्षानुवर्षं तिथेच झोडपले जात होते.

"अरे बाळा, तो गालिचे झटकायचा दांडा आहे."

"दोन खांब, वर एक आडवा दांडा. नियमात याला व्यायामाचा दांडा म्हणतात. आणि ज्या बागेत साहित्य आहे, तिला नवीन साहित्याचे पैसे मिळत नाहीत."

"मग त्याच्यावर लोंबतोय तो कोण? पैलवान?"

एर्मेक हसला नाही. खात्यात लागून त्याला वर्षही झालं नव्हतं, आणि एवढ्यात हसायचं कसं ते तो विसरला होता.

बुबूसाराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. का जाऊ नये? अख्खा हिवाळा ती गुडघे धरून जिने चढली होती. यंदा कोणत्या बागेला पैसे द्यायचे ते लोकांच्या मतावर ठरणार होतं, म्हणून तिने दारोदार जाऊन, म्हाताऱ्यांचे फोन स्वतःच्या हातात घेऊन मतं टाकून घेतली होती. झोपाळा आणि घसरगुंडी, बास, एवढंच मागणं. निम्मी बाग गाड्यांनी गिळली होती आणि पोरं त्या गाड्यांच्या मधे चेंडू खेळत होती. मध्यंतरी तिची नात मीरिम मागे येणाऱ्या जीपखाली जाता जाता वाचली, तेव्हापासून बुबूसाराला धड झोप नव्हती. मतांत त्यांची बाग पहिली आली. आणि आता हा टाय लावलेला पोरगा तिला गालिच्याचा दांडा दाखवत होता!

रात्रभर ती धुमसत राहिली. सकाळी तिला उपाय सुचला, आणि तो इतका सोपा होता की आधी का सुचला नाही याचंच तिला नवल वाटलं. दांडा नसला की साहित्य नाही. ती थेट शारिपाच्या नवऱ्याकडे गेली. तोक्तोसुनने उभा जन्म रेल्वेच्या कारखान्यात लोखंड कापण्यात घालवला होता.

"बाइके," थोरल्या भावाला घालावी तशी तिने साद घातली, "तो दांडा कापून द्या."

"वेड लागलंय का तुला? नवरोजचा सण तोंडावर आलाय. घराघरात गालिचे झटकायला काढलेत. शारिपा मला घरात घेईल का?"

"गालिचा धुळीने मरत नाही, बाइके. पोर गाडीखाली मरतं."

तोक्तोसुन उठला. त्याने कपाटावरचं कापायचं यंत्र काढलं. ठिणग्या उडाल्या, दांडा खांबांसकट धाडकन खाली आला, आणि वरच्या गॅलरीतून शारिपाने दोघांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

बुबूसाराने लगेच एर्मेकला बोलावून घेतलं. "बघ आता. काही आहे का बागेत?"

एर्मेक खांबांच्या खुंटांकडे पाहत राहिला. "ही तर सार्वजनिक क्रीडासाहित्याची नासधूस झाली, एजे."

"आता झोपाळा लाव."

"असं कसं? आधी मोडलेलं भरून द्यायला लागतं. तुमचे मंजूर होणारे पैसे त्यातच जातील."

"सगळे? एका दांड्याला?"

"खाली रबराची जमीन करावी लागते ना. दांड्यावरून कोणी पडलं तर?"

"शारिपाचा गालिचा पडला तर लागेल हो त्याला!" बुबूसारा ओरडली. पण एर्मेक तोवर मोजमाप घ्यायला लागला होता.

यंदाचा नवरोज धुळकट गालिच्यांवर बसून साजरा झाला. बागेत मोठ्या कढईत अंकुरलेल्या गव्हाचं गोड सुमोलोक शिजलं, बायका आळीपाळीने ढवळत बसल्या, पण बुबूसाराच्या हातात कोणी डाव दिला नाही. शारिपाने तिची वाटी भरली ती तोंड दुसरीकडे करून. बुबूसाराने ती तशीच गार होऊ दिली.

मग उद्घाटन आलं. फुगे, कर्णे, ताटभर तळलेले बोरसोक आणि खात्याचे प्रमुख. चार निळे खांब उभे होते आणि त्यांच्यावर एक नव्हे, दोन समांतर दांडे होते. उंच माणसाने हात वर केला तरी जेमतेम पोचेल इतके ते उंच होते. प्रमुख बालकांच्या सुदृढ भविष्याबद्दल बोलले, फीत कापली आणि म्हणाले, "चला मुलांनो, खेळा!"

मुलं माना वर करून उभी राहिली. मीरिमने उडी मारली. पुन्हा मारली. तिची बोटं दांड्याच्या कितीतरी खाली राहिली.

"मुलं काय, वाढतातच," प्रमुख म्हणाले.

एवढं ऐकलं आणि बुबूसारा तरातरा वर गेली. भिंतीवरचा आईने लग्नात दिलेला गालिचा तिने ओढून काढला. त्याला ती कोणाला हातही लावू देत नसे. तोक्तोसुनने शिडी लावली, गालिचा दोन्ही दांड्यांवर टाकला, आणि मार बसताना घसरू नये म्हणून चारही कोपरे दोरीने करकचून बांधले. मधला भाग खाली पोटासारखा लोंबला, पार मुलांच्या कमरेपर्यंत.

"दाखवते तुम्हाला याच्यावर काय खेळतात ते!" म्हणत बुबूसाराने वेताच्या थापीने पहिला तडाखा हाणला. धुळीचा लोट थेट प्रमुखांच्या काळ्या कोटावर गेला.

"अजून एक हाण गं, बुबूसारा!" शारिपा ओरडली. दांडा कापल्यापासून बुबूसाराशी तिचं हे पहिलंच बोलणं.

प्रमुख खोकत मागे सरले. धूळ बसेपर्यंत मीरिम त्या लोंबत्या पोटात चढून बसली होती. तिच्यामागे दुसरी पोरगी, मग तिसरी. गालिचा हलला, मग झुलायला लागला. पोरं किंचाळत होती, खिदळत होती. या बागेत इतकं हसणं बुबूसाराने कधी ऐकलं नव्हतं. तिची थापी हातातच राहिली.

एर्मेकने फोन वर धरला होता. "एजे, जरा इकडे बघा. हसा थोडं. साहित्याचा पुरेपूर वापर!"

"अरे मेल्या, हे तुमचं साहित्य नव्हे! हा माझ्या आईचा गालिचा आहे!"

"कल्पना उत्तम आहे," कोट झटकत प्रमुख म्हणाले. "बाकीच्या बागांतही असंच करू. दांडे आपण द्यायचे, गालिचे नागरिकांचे."

बुबूसारा थापी उगारून त्यांच्या अंगावर निघाली.

"आपा, थांबला गं झोपाळा! ढकल ना!" मीरिमने आजीला हाक मारली.

बुबूसाराने थापी खाली टाकली. दोन्ही हातांनी तिने गालिचा ढकलला आणि प्रमुखांना, एर्मेकला आणि त्यांच्या अख्ख्या खात्याला तोंडाला येईल ते बोलत ढकलतच राहिली.

"जोरात, आपा!"

तिने जोरात ढकललं.