राजवाड्यातले बेसनाचे लाडू

सुजीतची रीतच अशी होती, की बाहेरच्या माणसाशी बोलताना कमरेत वाकायचं आणि आईशी बोलताना मोबाइलमध्ये बघायचं. चिपळूणहून आखातात, अल बर्शाला येऊन प्रमिलाबाईंना पाच महिने झाले, पण मुलाच्या डोक्यावरचा भांग सोडून त्यांना फारसं काही दिसलं नव्हतं. तोही विरळ झालेला.

घरात त्यांच्या हातचं कोणी खातही नव्हतं. सून शुभ्रा रात्री सूप प्यायची. नात ओवी थंड दुधात कसले तरी चुरमुरे बुडवायची. सुजीत तर दारात पिशव्या आणून देणाऱ्या पोरांच्या जिवावर जगत होता. चौथी शिकलेल्या बाईकडे मिरवायला हाताची चव तेवढी होती, आणि पाच महिन्यांत ती कुणी मागितली नव्हती.

एका सोमवारी सुजीतने चक्क मान वर केली.

"आई, बेसनाचे लाडू करशील? दोनशे."

"दोनशे? कुणाचं लग्न आहे?"

"लग्न नाही गं. आमच्या मंडळीचा ऑपेरा आहे. जुना, फ्रेंच. त्यात राजवाड्यातली मेजवानी आहे. कोरसमध्येच चाळीस जण आहेत."

"म्हणजे संगीत नाटक."

"तसंच. फक्त समजत नाही."

सुजीत दिवसा देरा भागातल्या एका ऑफिसात हिशेब बघायचा आणि संध्याकाळी या मंडळीचं स्टेजवरचं सामान सांभाळायचा. दिग्दर्शन करणाऱ्या मादामला प्लास्टिकची फळं पसंत पडेनात. सोनेरी, गोल, मनोरा रचता येईल असं काहीतरी हवं, म्हणाली. सुजीत तिथल्या तिथे वाकला आणि "डोन्ट वरी, मादाम" म्हणून मोकळा झाला.

प्रमिलाबाईंनी तीन दिवस बेसन भाजलं. दंड भरून आले, पण बेसन कुठे करपू दिलं नाही. शेजारच्या स्मिताला त्यांनी लिफ्टमध्येच गाठून सांगितलं, "चाळीस गोरी माणसं माझे लाडू खाणार आहेत."

प्रयोगाच्या दिवशी डबे मांडीवर घेऊन त्या गाडीत बसल्या.

"ओवी, ही माणसं गाण्याच्या आधी खातात की नंतर?"

"नोबडी विल ईट, आजी. दे आर प्रॉप्स. बाबा विल स्प्रे वार्निश."

"काय मारणार?"

"वार्निश. लाइक ऑन अ टेबल. फॉर शाइन."

सुजीतने गाण्याचा आवाज वाढवला. प्रमिलाबाईंनी पुढे वाकून तो बंद केला.

"आई, लाइटखाली चमकायला लागतं गं. आधी सांगितलं असतं तर तू केले असतेस?"

"नसते."

"मग?"

मग म्हणे! खटला जिंकल्यासारखा म्हणाला.

थिएटरमध्ये फवाऱ्याचा डबा अक्रमच्या हातात होता. अक्रम सुजीतच्या हाताखाली काम करायचा. प्रमिलाबाईंनी त्यालाच गाठलं.

"अक्रम, तेरी माँ लड्डू बनाती, तो तू उसके ऊपर ये पिचकारी मारता क्या?"

अक्रमने डबा खाली ठेवला. थोड्या वेळाने सुजीतने लांबून विचारलं, "हो गया?"

"खलास, साब," अक्रम म्हणाला. तोंडात लाडू होता, म्हणून जास्त बोलला नाही.

तिसरा अंक सुरू झाला. राजाची मेजवानी. नायिकेच्या पेल्यात कोणी तरी विष घालतं, ती पिते, पडते आणि मग सगळा दरबार पाव तास रडगाणं गातो, एवढं ओवीने समजावलं होतं. पोशाख कमरेला घट्ट, म्हणून कोरसच्या लोकांनी दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. आता ते तुपाच्या वासात उभे होते. लाडू उचलत होते, ओठांपाशी नेत होते, पोकळ चावत होते आणि तसेच परत ठेवत होते.

बाजूच्या पडद्याआड उभ्या असलेल्या प्रमिलाबाईंना हे बघवेना. पानावर बसलेला माणूस उष्टावल्याशिवाय उठतो म्हणजे काय? त्यांनी हात तोंडाकडे नेऊन खुणेने आग्रह केला. कोणी बधेना, तेव्हा डोळे वटारले. एका जाड्या सरदाराने इकडेतिकडे बघितलं आणि अख्खा लाडू तोंडात टाकला. त्याचे डोळे मिटले. ते शेजारणीने पाहिलं. तिचं तिसऱ्याने पाहिलं. दोन मिनिटांत मनोऱ्याचा चौथरा उरला.

बेसनाचा लाडू फोडून खायचा असतो, हे त्यांना कोण सांगणार? अख्खा टाकला की टाळूला बसतो आणि पाण्याशिवाय हलत नाही. पेले तर सगळे रिकामे, पत्र्याचे. तिकडे नायिका विष पिऊन पडली. बँडवाल्याने काठी उचलली. चाळीस माणसं लालबुंद होऊन गळे धरून उभी. आवाज एकाचाही नाही. जाडा सरदार गुडघ्यावर आला. पुढच्या रांगेतली एक बाई किंचाळली. सगळ्या दरबारालाच विष घातलंय, अशी कुजबुज मागपर्यंत गेली.

समोरच्या बाजूला सुजीत डोकं धरून बसला होता. प्रमिलाबाईंनी पाण्याचा जग भरला, पदर खोचला आणि सरळ स्टेजवर गेल्या. ठसका लागलेल्या माणसाला पाणी देताना परवानगी कसली घ्यायची? एकेकाला पाणी पाजलं, पाठीत धपके घातले. शेवटी मेलेल्या नायिकेने एक डोळा उघडून "प्लीज" म्हटलं. तिलाही पाजलं, आणि अर्धा लाडू फोडून दिला. पडदा पडला.

बाहेर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आत मादाम धावत आली.

"हू डिड दिस?"

सुजीत कमरेत वाकला. "सॉरी, मादाम. केटरर. न्यू लेडी. नो एज्युकेशन."

प्रमिलाबाई दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. इंग्रजी त्यांना फार येत नव्हतं, पण हे शब्द येत होते. शेवटचे दोन तर जन्मभर ऐकलेले.

"हबीबी!" मादामने सुजीतचे खांदे धरून हलवले. "द होल पॅलेस इज डाइंग, अँड वन वुमन विथ वॉटर! टुमॉरो अगेन! यल्ला, क्विक, व्हेअर इज शी?"

सुजीत ताठ झाला. "मादाम, शी इज माय मदर! माय ओन मदर!" असं म्हणत त्याने धावत येऊन आईच्या गळ्यात हात टाकला.

प्रमिलाबाईंनी तो हात उचलून बाजूला केला.

"मादामला सांग, केटररची बाई उद्या येईल, तीनशे घेऊन येईल. आणि तू, सुजीत, अक्रमच्या मागे रांगेत उभं राहायचं. 'बाई, एक लाडू वाढा' म्हणायचं. आई म्हणालास, तर मिळणार नाही."