साळवी सिस्टरांचा व्हॅनिलाचा वॉर्ड

साळवी सिस्टर आमच्या घरी आल्या की आधी माणसांची नाही, बाटलीची चौकशी करतात. बेल वाजवायची, दार उघडेपर्यंत पुन्हा वाजवायची आणि चपला काढता काढता विचारायचं, "पेशंट कसा आहे आज?"

पेशंट म्हणजे आमच्या चपलांच्या कपाटात, वरच्या खणात ठेवलेली काचेची बाटली. तिच्यात व्होडका आणि व्होडकात उभ्या चिरलेल्या व्हॅनिलाच्या शेंगा. सिस्टर ती ट्यूबलाइटखाली धरून रंग बघतात, जोरात हलवतात, झाकण उघडून वास घेतात आणि परत अंधारात ठेवतात. एवढ्याने त्यांचं भागत नाही. मग त्या आमच्या कुंड्यांना पाणी घालतात, पडद्याची निसटलेली रिंग अडकवतात आणि बोलता बोलता आईचं मनगट धरून नाडी मोजायला लागतात. चहा उभ्यानेच. बसलं की पाय भरून येतात म्हणे.

अंबरनाथच्या एका हॉस्पिटलातून रिटायर झाल्यावर त्या पालेगावला आमच्या बिल्डिंगमध्ये आल्या. मिस्टर आधीच गेलेले, मुलगा-सून बंगळुरूला. मुलगा केरळला फिरायला गेला तेव्हा त्याने आईला शेंगांचं एक पाकीट पाठवलं. सून केक छान करते, तर नातीच्या वाढदिवसाच्या केकात घरचाच इसेन्स पडला पाहिजे, असं सिस्टरांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

व्होडका आणायला त्या मुद्दाम उल्हासनगरला गेल्या, कारण अंबरनाथमध्ये निम्म्या गावाला त्यांनी इंजेक्शनं दिलेली. दुकानात त्यांनी सगळ्यात कमी वासाची दारू मागितली आणि औषधाला हवीय असं बजावून सांगितलं. दुकानदार म्हणाला, "सब यही बोलते हैं, अम्मा." मागे वळल्या तर रांगेत त्यांचा जुना वॉर्डबॉय. तो बिचारा त्यांच्यापेक्षा जास्त लाजला.

मग त्यांनी माल छोट्या बाटल्यांत भरला आणि बिल्डिंगमध्ये घरोघर एकेक बाटली ठेवायला निघाल्या. मी विचारलं, सगळ्या तुमच्याच कपाटात का नाही ठेवत? तर म्हणाल्या, "एका खाटेवर इतके पेशंट कसे ठेवायचे गं?"

आमच्या घरी मात्र अडलं. आई पंचशील काटेकोर पाळणारी. आमच्या घरात दारूचा थेंब कधी आलेला नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. सिस्टरांनी विचारलं, इंजेक्शनआधी दंडाला स्पिरिट लावतात ते कसं चालतं? ते प्यायचं नसतं, आई म्हणाली. हेही प्यायचं नाही, सिस्टर म्हणाल्या. शेवटी वंदनेच्या जागेपासून सगळ्यात लांब, म्हणून चपलांचं कपाट ठरलं.

अर्क मुरायला महिने लागतात हे सिस्टरांना मान्यच नव्हतं. रोज संध्याकाळी राउंड. घराला कुलूप दिसलं तर फोन करून विचारायच्या, हलवलीत का? तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी तर बेल वाजली की बाटली हातात घेऊनच दार उघडायचे.

होता होता अर्क गडद झाला. वाढदिवस जवळ आला तशी सिस्टरांनी मला सोबत घेतलं आणि आमची बाटली कापसात गुंडाळून आम्ही कुरिअरवाल्याकडे गेलो. त्याने आत काय आहे ते विचारलं, सिस्टरांनी खरं ते सांगितलं आणि त्याने पार्सल परत सरकवलं. दारू असलेलं काही जात नाही म्हणाला. त्यांनी तिथूनच मुलाला फोन लावला, रस्त्याच्या आवाजामुळे स्पीकरवर. कुणी येणारं-जाणारं असेल तर त्याच्याबरोबर पाठवते, असं त्या म्हणत होत्या.

"अगं मम्मी, राहू दे ना," तो म्हणाला. "इकडे दहा मिनिटांत घरपोच येतं. तू कशाला धावपळ करतेस?"

चांगल्या आवाजात म्हणाला. मुलगा वाईट नाही.

रिक्षात सिस्टर बाटलीभोवतीचा कापूस सोडवत होत्या. शिवमंदिराच्या वळणावर म्हणाल्या, "वॉर्डात होते तेव्हा दिवसभर, सिस्टर इकडे या, सिस्टर तिकडे या. इतका वैताग यायचा. आता संध्याकाळ झाली की मीच कुठली तरी बेल वाजवते."

घरी आल्यावर मी आईला आत नेऊन झालं ते सांगितलं. बाहेर सिस्टर उभ्याच होत्या. पेशंटना डिस्चार्ज देऊन टाकते, असं म्हणून त्यांनी बाटली पिशवीत टाकली आणि बाकीच्या घरांतल्याही आज गोळा करते म्हणाल्या.

आईने हात पुढे केला. त्यांनी बाटली दिली. आईने ती ट्यूबलाइटखाली धरली, हलवली आणि जन्मात पहिल्यांदा दारूच्या बाटलीचं झाकण उघडून ती नाकाशी नेली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं.

"सिस्टर, हा अजून कच्चा वाटतो मला," ती म्हणाली. "राहू द्या आमच्याकडे थोडे दिवस."

सिस्टरांनी बाटलीकडे पाहिलं. रंग गडद तपकिरी झाला होता, वास सगळ्या हॉलभर पसरला होता. मग त्यांनी आईकडे पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "घाई करून चालणार नाही."

आणि आमच्या सोफ्यावर बसल्या.