न विचारता घ्यायचं टेबल

सकाळचा उजेड ही कोणाचीही परवानगी न घेता येणारी गोष्ट आहे, आणि बहुधा म्हणूनच तिची रीतसर दखल घेतली जात नाही. मखमलाबादला आमच्या ओट्यावर तो प्रथम उतरतो तेव्हा त्याला रंग नसतो. गोणपाटावर ओतलेल्या झेंडूच्या ढिगाशी तो थांबतो, आणि झेंडू पिवळा असतो हे त्याला जणू हळूहळू आठवत जाते. मग तो पाण्याच्या टाकीच्या कडेने खाली येतो, वडिलांच्या मोटारसायकलच्या सीटवरचे दव निरखतो, दोरीवरच्या विरलेल्या टॉवेलातून गाळला जातो आणि स्वयंपाकघराच्या जाळीतून चौकोन चौकोन होऊन फडताळावर पडतो. फडताळाला पितळी कुलूप आहे. उजेड त्या कुलपावर थोडा वेळ बसतो, त्याला उगाचच सोन्याचे करतो आणि निघून जातो. या सबंध प्रवासात त्याला कोणीही "कुणाचा रे तू?" असे विचारत नाही. सृष्टीत एवढी सवलत अन्य कोणाला नाही, आणि लग्नघरातल्या गोड पदार्थाजवळ तर नाहीच नाही.

लग्नघरातल्या गोड पदार्थाच्या संरक्षणासाठी आपल्या समाजाने कोठी नावाची संस्था निर्माण केली आहे. कोठी म्हणजे एक खोली, एक कुलूप आणि एक मामा. खोली मिळाली नाही तर तट्ट्यांचा आडोसा चालतो, कुलूप मिळाले नाही तर सुतळी चालते. मामाला मात्र पर्याय नाही. (माझ्या स्वतःच्या पाहणीनुसार नाशिक तालुक्यातील सर्व लग्नांत कोठीवर मामा असतो. जेथे मामा नव्हता तेथे काका होता.) आमच्या घराण्यात हे पद वणीच्या खंडेरावमामांकडे आहे. त्यांच्या करदोड्याला कोठीची किल्ली असते. मामांच्या कारकिर्दीत आमच्याकडच्या एकाही लग्नात बुंदी कमी पडलेली नाही. ती दरवेळी उरते, तिला वास येतो आणि मग ती गाईला घालतात. मामा याला नियोजन म्हणतात, आणि गाईचा विचार केला तर ते योग्यच आहे.

या संस्थेशी माझ्या ताईचा, म्हणजे रूपालीचा, संबंध ती आठ-नऊ वर्षांची असताना आला. एका चुलत्याच्या लग्नात तिने कोठीत हात घालून मूठभर बुंदी उचलली. मामांनी तिचे मनगट धरले, ते तसेच वर केले आणि भरल्या पंगतीला विचारले,

"कुणाची पोर हाय ही?"

मामा तिला ओळखत नव्हते असे नव्हे. ती त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी होती. पण पदावर असताना माणसाला नातेवाईक नसतात. आमचे वडील, पुंजाराम, दोन पावलांवर वरणाची बादली घेऊन उभे होते. ताईने बुंदी परत टाकली, तेव्हा ते म्हणाले,

"आपलीच हाय."

ताई रडली नाही. ती त्यानंतर कोणत्याही लग्नात गोड खात नाही, एवढीच नोंद आहे.

पुढे २००७ साली तिचे सिन्नरला जमले. मुलगा तिथल्या औद्योगिक वसाहतीत कंपनीत होता, घर स्वतःचे होते, मंडळी बोलायला बरी होती. साडी कोणती, हॉल कोणता, पत्रिकेवर गणपती उजव्या सोंडेचा की डाव्या, यांपैकी कशातही ताईने मत दिले नाही (मागितलेही नव्हते). तिने फक्त एक गोष्ट मागितली, आणि तीही वडिलांकडे न मागता माझ्याकडे मागितली. तिने रविवारच्या पुरवणीतले एक रंगीत चित्र माझ्यापुढे धरले. त्यात कुठल्याशा मोठ्या शहरातल्या रिसेप्शनचे टेबल होते. टेबलावर काचेच्या बरण्या होत्या, बरण्यांत रंगीबेरंगी गोळ्या होत्या आणि शेजारी कागदी पुड्या. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे.

"याला कँडी काउंटर म्हणतात, बाळ्या," ती म्हणाली. "माझ्या लग्नात एक टेबल असं पाहिजे, जिथं कुणाला विचारावं लागणार नाही. बाकी तुम्ही काय घालायचा तो गोंधळ घाला."

मी हो म्हणालो. वास्तविक मी अशा कामांसाठी अयोग्य मनुष्य आहे. मला माणसांशी बोलता येत नाही. मी त्यांना फक्त समजून घेतो. परंतु जेथे कोणी कोणाशी बोलायचे नाही असे एक टेबल जगात असू शकते, या कल्पनेने मी भारावून गेलो. ते टेबल ताईइतकेच माझ्यासाठीही काढलेले आहे असे मला वाटले.

तत्काळ एक समिती स्थापन झाली. तिच्यात मी होतो. वडील पदसिद्ध असल्याने त्यांना घ्यावे लागले, आणि मामांना न घेता ते आले. पहिल्याच बैठकीत मामांनी मूलभूत मुद्दा उपस्थित केला.

"याला दार कुठंय?"

"दार नाही, मामा. उघडं टेबल आहे."

"मग किल्ली कशाला लावायची?"

"किल्लीच नाही."

मामांनी करदोड्याची किल्ली चाचपून पाहिली. एखाद्याला देव नाही असे सांगितल्यावर त्याचा चेहरा जसा होतो तसा त्यांचा झाला. मग ते वडिलांना म्हणाले, "दाजी, पोरगं लय शिकलं. आता लोकं बरण्यासुद्धा घेऊन जातील."

वडिलांनी मध्यममार्ग काढला. टेबलाला कुलूप नको. मात्र मामांनी टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसावे. लक्ष म्हणून नव्हे, तर शोभा म्हणून.

खरेदीसाठी मी भद्रकालीत कादरभाईंच्या ठोक दुकानात गेलो. यादी ऐकून त्यांनी चष्मा काढला.

"लग्नात गोळ्या? भाऊ, कुणाचा बच्चा पास झाला का?"

"नवीन पद्धत आहे."

"असेल, असेल. मागच्या साली एकानं लग्नात हत्ती आणला होता. त्यापेक्षा गोळ्या बऱ्या. साफसफाई कमी."

वस्तूंची निवड तत्त्वांवर झाली. संत्र्याच्या फोडीसारख्या गोळ्या घेतल्या, कारण ताईला त्या आवडत असत. लिमलेटच्या घेतल्या, कारण त्यांच्यातून उजेड आरपार जातो. रंगीत बडीशेप, पेपरमिंट आणि बोरकूट यांना मंजुरी मिळाली. सिगारेटसारख्या दिसणाऱ्या गोड कांड्या वडिलांनी वगळल्या, कारण व्याह्यांना वाटेल आपण व्यसनी आहोत. त्यांच्या जागी आवळा सुपारी आली. (तिने व्याह्यांना काय वाटेल, यावर चर्चा झाली नाही.)

लग्न आणि रिसेप्शन गंगापूर रस्त्यावरच्या एका लॉन्सवर होते. (एका जागेला लॉन्स का म्हणतात, हे मालकालाही सांगता आले नाही.) तिथल्या व्यवस्थापकाने सांगितले की दिव्याची सोय आणि जाड कापडाचे टेबल मंचाच्या डाव्या हाताला, रुखवताच्या जागी, तेवढे आहे. आमच्याकडे फ्रिज आणि कपाट द्यायचे ठरल्याने रुखवत वेगळे केलेले नव्हते. जागा मोकळीच होती. समितीने ती एकमताने मान्य केली.

रुखवत म्हणजे काय, हे वाचकांस सांगणे नलगे, तरी नोंदीसाठी सांगतो. मुलीकडच्यांनी हौसेने केलेल्या वस्तू लग्नात मांडतात. त्या पाहायच्या असतात. त्यांना हात लावायचा नसतो. नंतर त्या मुलीबरोबर सासरी जातात, तिथे जपल्या जातात आणि त्यांचा कधीही उपयोग केला जात नाही. ही एक सुंदर प्रथा आहे. आमचे टेबल म्हणजे रुखवत नव्हते, हे मी येथेच स्पष्ट करतो.

त्या दिवशी दुपारी मी बरण्या मांडल्या. वडिलांनी स्वतःच्या मळ्यातल्या झेंडूचे तोरण टेबलाला बांधले. मी रात्रंदिवस मनात घोळवलेली ओळ सुबक अक्षरांत पाटीवर लिहिली होती: "अतिथींनी या माधुर्याचा निःसंकोच आस्वाद घ्यावा." तिच्याखाली शोभेसाठी मोर काढला होता. उन्हे कलली तेव्हा लिमलेटच्या बरणीतून एक हिरवट कवडसा पांढऱ्या कापडावर पडला. मला इतके बरे वाटले की मी तिथून दूर जाऊन एका खांबाआड उभा राहिलो.

पाहुणे आले. ते टेबलापाशी थांबले. त्यांनी हात मागे बांधले आणि डावीकडून उजवीकडे, एकेका बरणीपुढे थबकत, ते सरकू लागले. माझ्या अक्षराचे कौतुक झाले. मोराचे तर फारच झाले. दोन बायकांनी बोरकुटाचा रंग कसा साधला याची चौकशी केली. नामपूरहून आलेल्या भागीमावशी, म्हणजे आईची चुलत बहीण, टेबलापुढेच ठाण मांडून बसल्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अहिराणीत बजावू लागल्या,

"हात नको लावू रे भाऊ! नवरीनं रुखवत शे ते."

"भावानं केलंय म्हणे सगळं," कोणी म्हणाले.

"मंग? पोऱ्या हुशार शे. बोलत नही, पण हुशार शे."

उपस्थितांपैकी शंभर टक्के लोकांनी काउंटरचा लाभ घेतला, आणि एकानेही गोळी घेतली नाही. खुर्चीवरचे मामा हळूहळू सैल झाले. संध्याकाळ उतरेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेले समाधान पसरले होते. त्यांनी मला खूण करून बोलावले.

"उगाच घाबरलो मी. कुलूप नाय, किल्ली नाय, तरी एक दाणा हलला नाय. अशी कोठी सात जन्मांत पाहिली नाय, भाच्या."

मंचावर ताई हार घालून उभी होती. नवरानवरीला मंचावरून हलता येत नाही. फोटोवाला हलू देत नाही. तिने मला नजरेने जवळ बोलावले आणि ओठ न हलवता विचारले,

"कुणी घेत का नाही रे?"

"बघतायत."

"बघायला ठेवलंय का? सांग ना त्यांना. एवढं सांग, बाळ्या."

"सांगतो."

मी खाली उतरलो. टेबलापाशी एक वयस्कर गृहस्थ हात मागे बांधून लिमलेट पाहत होते. मी त्यांच्याजवळ गेलो, श्वास घेतला आणि म्हणालो, "घ्या ना." माझा आवाज सनईच्या कॅसेटखाली गेला असावा. त्यांनी माझ्याकडे पाहिले, खिशातून आहेराचे पाकीट काढले आणि माझ्या हातात दिले. "नाव नीट लिहा," ते म्हणाले, आणि जेवायला गेले.

मी ते पाकीट हातात धरून उभा राहिलो. मंचावरून ताई पाहत होती. मग फोटोवाल्याने तिची हनुवटी दुसरीकडे वळवली.

पाठवणीच्या वेळी टेम्पोत फ्रिज चढला, कपाट चढले. मग सिन्नरच्या बायकांनी, भागीमावशींच्या देखरेखीखाली, बरण्या झेंडूसकट उचलल्या. ताईची सासू सरुबाई स्वतः पाटी घेऊन पुढे बसल्या. मी तत्काळ हरकत नोंदवली. मात्र ती मनातल्या मनात नोंदवल्यामुळे विहित वेळेत कोणापर्यंत पोहोचली नाही. ताईला रडण्याच्या कामामुळे टेम्पोकडे बघायला वेळ नव्हता. मी स्वतःची समजूत घातली की एका अर्थी हे उत्तमच झाले. टेबल तिच्यासाठी होते, आणि आता ते तिच्याच घरी गेले. तिथे तरी ती हवी तेव्हा बरणीत हात घालील.

दिवाळीनंतर मी तिला भेटायला सिन्नरला गेलो. जीपमध्ये मला मधल्या जागेवर बसवल्यामुळे दोन्हीकडचे माझ्यावरून एकमेकांशी बोलत राहिले आणि मला कोणाशी बोलावे लागले नाही. सकाळची वेळ होती. बैठकीच्या खोलीत शोकेस होते. सरकत्या काचांमागे भाऊजींचे कंपनीतले स्मृतिचिन्ह, थर्माकोलची होडी, आणि मधोमध आमच्या बरण्या. त्यांच्यामागे माझी पाटी, मोरासह. खिडकीतून आलेला उजेड काचेतून न विचारता आत गेला होता आणि लिमलेटमध्ये पोहत होता. संत्र्याच्या फोडी एकमेकींना चिकटून त्यांचा एक मोठा गोळा झाला होता.

"पाहुणे आले का आधी हेच दाखवते," सरुबाई म्हणाल्या. त्या खरोखरच मायाळू बाई आहेत. "येक गोळी हलू दिली नाय तुमच्या बहिणीची." आणि त्या नाश्त्याचे पाहायला आत गेल्या.

ताईने चहा आणला. तिच्या डोक्यावर पदर होता. मला तो कोणाचातरी मागून घेतल्यासारखा वाटला.

"ताई, ते रुखवत नव्हतं," मी म्हणालो.

"माहितेय रे मला. खुळा कुठला." ती हसली.

"मग एक संत्र्याची दे ना. तूही घे."

तिने हात पुढे केला. काचेला छोटे कुलूप होते. तिच्या बोटांना ते कळले, आणि हात सावकाश मागे आला.

"थांब हं," ती म्हणाली. "आत्याबाईंना विचारते."

सासूला ती आत्याबाई म्हणते. ती आत गेली आणि मी बरण्यांसमोर उभा राहिलो. माझे हात मागे बांधलेले होते, हे नंतर माझ्या लक्षात आले.

येथवर आलेल्या वाचकांना खंडेरावमामांचा राग आला असेल. सरुबाईंचाही थोडा आला असेल. तो योग्यच आहे. केवळ एक विनंती आहे: तो व्यक्त करण्यापूर्वी आपल्या घरच्या शोकेसची किल्ली कोठे असते ते पाहावे, आणि आपल्या घरात लग्न होऊन आलेल्या बाईने डब्यात हात घालण्यापूर्वी शेवटचे कोणाला विचारले, तेही आठवावे. त्या लग्नाला आपणही होतात. बरणीपुढे थांबून मोर छान काढलाय म्हणालात, आणि जेवायला गेलात.

आतून भांड्यांचा आवाज येत होता. ताई अजून विचारत होती.

ते रुखवतच होतं.