बाराही महिने संक्रांत

मे महिन्यात, झाडाचं पानही हलत नसताना, दुपार कलताना आमच्या इमारतीच्या गच्चीवरून "वकाट!" अशी आरोळी येते आणि पाठोपाठ स्टीलचं ताट बडवल्याचा आवाज. नवा भाडेकरू असेल तर दचकून दार उघडतो. जुने लोक टीव्हीवरची नजरही न हलवता त्याला सांगतात, "काही नाही, शशीभाऊंनी कुणाचा तरी पतंग काटला."

नाशिककडे पतंग काटला की असं ओरडतात. पण ते जानेवारीत. शशीभाऊंची संक्रांत बाराही महिने चालते.

हे शशीभाऊ माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. साठी ओलांडलेली, अंगाने किरकोळ, जन्म येवल्याचा. सगळी नोकरी सरकारी खात्यात रस्त्यांची मोजमापं घेण्यात गेली. तिथे ते एक शब्द बोलत नसत, असं त्यांचे जुने सहकारी सांगतात. निवृत्तीनंतर बहुधा साठलेलं सगळं बाहेर पडू लागलं. साधं वाक्य त्यांना येतच नाही. ते धावतं वर्णन करतात. दूधवाला कोपऱ्यावर वळला की, "आला, आला, वळणावर आला, गाडी घसरते की काय, नाही, सावरला!" आईला औषध देताना तर ऐकण्यासारखं असतं. "गोळी जिभेवर. पाणी मागून. गाल फुगलाय, गोळी गालात दडलीय, आणि... गेली!" आमच्या खिडकीतून हे रोज ऐकू येतं. गोळी गेली की स्वयंपाकघरात माझी बायकोही सुटकेचा निःश्वास टाकते.

त्यांचा दुसरा ठेवणीतला शब्द म्हणजे "हवा आहे." कसं काय, शशीभाऊ? हवा आहे. रात्री झोप झाली का? हवा आहे. गुडघा कसा आहे? हवा आहे. मी आयुष्यभर कॉलेजात शिकवलं. मोठमोठ्या तत्त्वज्ञांची उत्तरं मी यापेक्षा कमी पटणारी पाहिली आहेत.

वहिनी वारल्यापासून घरात दोघंच. शशीभाऊ आणि त्यांची आई, अक्का. अक्कांचे वडील, नवरा, सासरे सगळे हातमागावर पैठण्या विणणारे, आणि अक्कांचं आयुष्य त्या मागांसाठी कांड्यांवर रेशीम भरण्यात गेलेलं. आता त्यांना मुलाचं नाव आठवत नाही, सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण वागणं मात्र अतिशय रीतीचं. आपण कुणाच्या तरी घरी पाहुण्या आलो आहोत आणि मुक्काम जरा लांबला आहे, एवढंच त्यांना वाटतं. मग त्या पदर सारखा करून उठतात. "चला, येते मी. लय केलं तुम्ही माझं," म्हणतात आणि येवल्याची एसटी पकडायला निघतात.

एकदा दार उघडं राहिलं आणि त्या खरंच गेल्या. सापडल्या त्या स्टँडवर, येवल्याच्या गाडीत, खिडकीशी. शेजारच्या बाईला पैठणीच्या पदरावरचा मोर कसा विणतात ते सगळं त्यांचं सांगून झालं होतं. फक्त स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. ती हकीकत शशीभाऊंनी मला नेहमीच्याच जोशात सांगितली, कंडक्टर हात वर करतो काय, गाडी थांबते काय. पण सांगताना त्यांच्या शर्टाची बटणं चुकीच्या काजात होती.

पुण्याची बहीण फोनवर म्हणाली, बाहेरून कुलूप लावत जा. शशीभाऊंनी मला विचारलं, "सर, पाहुण्याला कुणी कोंडून ठेवतं का?"

त्यानंतरच्या संक्रांतीला त्यांनी अक्कांच्या हातात आसारी दिली. आसारी म्हणजे दोरा गुंडाळायची बांबूच्या काड्यांची मोठी फिरकी, येवल्याची खासियत. त्यांच्या घरात पतंग उडवायचे वडील आणि मागे आसारी धरून बसायच्या अक्का. नियम एकच होता. पतंग वर असेपर्यंत आसारी धरणाऱ्याने जागा सोडायची नाही. घरात कोण आलं, दूध उतू गेलं, काहीही झालं तरी. अक्का सगळं विसरल्या, हा नियम विसरल्या नाहीत. त्या दिवशी त्या अंधार पडेपर्यंत गच्चीत बसून राहिल्या. येवल्याची गाडी त्यांना आठवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी शशीभाऊंनी पुन्हा पतंग काढला. तिसऱ्या दिवशीही. संक्रांत संपली, होळी झाली, आंबे आले. आरोळ्या थांबेनात.

इथे आमचे अध्यक्षसाहेब येतात. इमारत बारा घरांची, पण अध्यक्ष पूर्ण आकाराचे आहेत. बोअरवेलच्या मोटारीचं त्यांनी उद्घाटन केलं होतं, आणि त्या मोटारीवर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. तिला पाणी वर चढवण्यापेक्षा पाटीचंच ओझं जास्त होत असावं. त्यांनी बैठक घेतली. कठडा बुटका आहे, म्हातारी पडली तर जबाबदार कोण, शिवाय दुपारच्या झोपेचं काय. यात कठड्याचा मुद्दा खरा होता. झोपेचा जास्त खरा होता. ठराव झाला की गच्चीला कुलूप लावायचं. मी सचिव आहे, म्हणजे बैठकीला उशिरा पोचलो होतो म्हणून मला केलेलं आहे. त्यामुळे पितळी कुलूप माझ्याकडे आलं.

जिने चढताना हिशेब सरळ होता. गच्चीला कुलूप लागलं की शशीभाऊंना त्यांच्या दाराला लावावं लागणार. वरून आवाज येत होता, "पेच लागला, पेच लागला! ढील दे, अक्का, ढील दे!"

मी गच्चीत पाऊल टाकलं आणि सवयीने वर पाहिलं. आकाश रिकामं होतं.

तेव्हा लक्षात आलं, एवढे महिने आम्ही सगळे आवाजाचीच तक्रार करत होतो. पतंग कुणीच पाहिला नव्हता.

जिन्याच्या खोलीच्या सावलीत, कठड्यापासून चांगल्या लांब, अक्का प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर आसारी, नजर वर. हातभरापलीकडचं त्यांना धूसरच दिसतं. दोरा, साधा शिवणकामाचा, आसारीतून निघून पाण्याच्या टाकीवरच्या नळीवरून पलीकडे गेला होता. मी टाकीला वळसा घातला. मागे शशीभाऊ होते. दोऱ्याचं टोक हातात, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. ते झटके देत होते, चार पावलं पळत होते, एकदम खाली बसून गोता खात होते आणि वर तोंड करून ओरडत होते.

मला पाहून ते कुजबुजले. त्यांचं कुजबुजणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "सर, हवा आहे."

"पतंग कुठाय?"

"मीच की," ते म्हणाले. "मे महिन्यात वारा कुठून आणू? तिला नुसता ओढा लागतो हाताला. जरा धरता का? तिची गोळी खाली राहिली." आणि माझ्या हातात टोक देऊन ते निघूनही गेले.

माझ्या एका खिशात कुलूप, हातात दोरा. मी दोऱ्याला हलकेच ओढ दिली, परक्याच्या दाराची कडी वाजवावी तशी.

"का रे," पलीकडून अक्का म्हणाल्या, "पतंग झोपला का?"

हे लागलं. मी जोरात ओढलं. पलीकडून त्यांनी ढील दिली, अशी नेमकी की माझा तोलच गेला. मी डावीकडे पळालो, त्या सोडत गेल्या. मी थांबलो, त्यांनी गुंडाळलं. त्या दोऱ्यातून एक अतिशय हुशार हात माझ्याशी बोलत होता, आणि मी नेमका कुठे आहे हे त्या हाताला कळत होतं. वर्गातल्या कुणीही माझ्याकडे इतकं लक्ष दिलेलं नाही. मी उडी मारली. गोता खाल्ला. चप्पल निघून गेली. आणि मग, कसं ते सांगता येणार नाही, माझ्याच तोंडातून "वकाट!" बाहेर पडलं आणि मी टाकीजवळ पडलेलं ताट बडवलं. अक्का खळखळून हसल्या. खाली कुणीतरी खिडकी आपटली.

शशीभाऊ परत आले. धापा टाकत मी टोक त्यांच्या हाती दिलं.

"लय येळ वर हाय बिचारा," अक्का म्हणाल्या. "उतरवू का?"

"उतरव, अक्का," शशीभाऊ म्हणाले. अगदी हळू.

त्यांनी नळीवरून दोरा सोडवला. अक्का गुंडाळू लागल्या. एकेका वळशासरशी शशीभाऊ एकेक पाऊल पुढे. ओढ सैल होऊ न देता, झोका घेत, थोडे इकडे, थोडे तिकडे, ते येत राहिले आणि खुर्चीपाशी येऊन गुडघ्यांवर बसले. अक्कांनी आसारी बाजूला ठेवली. मग त्यांनी दोन्ही हात शशीभाऊंच्या खांद्यांवरून, पाठीवरून, बाह्यांवरून सावकाश फिरवले.

"फाटला नाय कुठं," त्या म्हणाल्या. "जरासा भिजलाय. उद्या उडंल."

अक्कांनी गोळी घेतली. शशीभाऊंनी त्याचं वर्णन केलं नाही.

जिन्यात अध्यक्षसाहेब उभे होते. मी त्यांना म्हटलं, कुलपापेक्षा कठड्याला उंच जाळी लावू, उद्घाटन तुमच्या हस्ते. त्यांनी थोडा विचार केला आणि पाटी संगमरवरीच ना, असं विचारलं. मी हो म्हणालो.

"ते ठीक," ते म्हणाले, "पण आज कुलूप का नाही लावलंत?"

फाटकाजवळच्या अशोकाचं पानसुद्धा हलत नव्हतं. मी अनवाणी, घामाघूम.

"हवा आहे," मी म्हणालो.