कोपरे झाकणारे सबनीस सर

आमच्या हडपसरच्या प्रयोगशाळेत एकाही टेबलाला कोपरा दिसत नाही. सगळे कोपरे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे चिकटवून झाकलेले. हा उद्योग सबनीस सरांचा. नवं टेबल आलं की त्यावर यंत्र चढायच्या आत सर कात्री घेऊन हजर. कुणाच्या हातावर निळा डाग दिसला की चौकशी सुरू.

"हे कशाचं?"

"दार लागलं, सर."

"दाराला साक्षीदार आहे?"

सरांचं काम पेप्टाइडचं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा तुकडा, दहा-पंधरा मण्यांची माळच म्हणा. आठ वर्षं मणी बदलून बदलून सर अशी माळ शोधतायत, जी अस्थिमज्जेतल्या पेशीला बाहेरूनच हलवून उठवेल आणि प्लेटलेट्स बनवायला लावेल. रक्त थांबवतात त्या प्लेटलेट्स. डेंग्यूच्या कृपेने पुण्यात त्या कुणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. चाळीस माळा वाया गेल्यावर सरांनी दोन माळा एकमेकींना जोडल्या. "एका हाताने हलवून कुणी उठत नाही हो," असं त्यांचं म्हणणं. ही जोडी म्हणजे नंबर एक्केचाळीस.

चाचणी होते ती लहान लहान खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये. तिथेही सरांचा नियम होताच. कडेच्या खळग्यांत फक्त पाणी घालायचं. कडेचं द्रव सुकतं, औषध आटून घट्ट होतं आणि नसलेला गुण दिसायला लागतो. "इथेही कोपरेच!" म्हणून आम्ही पाठीमागे हसायचो.

एक्केचाळीसची चाचणी माझ्याकडे होती. गुरुवारी चारला मोठे साहेब येणार होते. हाती काही नसेल तर काम बंद, हे त्यांनी आधीच कळवलं होतं. सकाळी यंत्राने आकडे दिले आणि मी ओरडलेच. पेशी धडाधड जाग्या झाल्या होत्या! मग माझं लक्ष माझ्याच वहीकडे गेलं. घाईत मी पहिल्याच ओळीपासून भरत गेले होते. औषध कडेला, पाणी मध्ये.

खोटं बोलायचं नव्हतं मला, नुसतं गप्प बसायचं होतं. सव्वातीनपर्यंत बसलेही. शेवटी सहन होईना, तेव्हा वही सरांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"अक्षर सुधारा," एवढंच म्हणाले.

चारला साहेबांनी आकडे पाहिले आणि खूश झाले. "सबनीस, उत्तम! पुढे जाऊ या."

सरांनी नुसती मान हलवली असती तरी आठ वर्षं वाचली असती.

"हे आकडे धरू नका," सर म्हणाले. "कडेच्या खळग्यांतले आहेत. चूक माझी."

त्या दिवशी ते तेवढंच खोटं बोलले.

"अहो, मग आम्हाला बोलावलंत कशाला?"

"कागदावर वाढलेल्या प्लेटलेट्सनी रक्त थांबत नाही, हे सांगायला."

साहेब भडकले. शेवटचा एक आठवडा देऊन निघून गेले. सरही गेले, चष्मा टेबलावर विसरून.

तो द्यायला संध्याकाळी मी विश्रांतवाडीला त्यांच्या घरी गेले. जेवणाचं टेबल, कपाट, स्वयंपाकाचा ओटा, सगळ्यांचे कोपरे ट्यूबने झाकलेले होते. भिंतीवर एका हसऱ्या बाईंचा फोटो होता.

"जरा धक्का लागला की हिचं अंग निळं पडायचं," सर म्हणाले. "प्लेटलेट्स टिकायच्याच नाहीत."

"कधी गेल्या?"

"नऊ वर्षं झाली."

मी ट्यूबकडे बघत राहिले.

"काढायचं राहिलंय," ते म्हणाले. "रबर अजून चांगलं आहे."

मला रडू आवरेना. सर चहा टाकायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून प्लेट पुन्हा भरली. औषध मध्ये, पाणी कडेला. ते पाच दिवस मला जेवण गेलं नाही. बुधवारी आकडे आले. आधीपेक्षा कमी, पण प्रत्येक खळग्यात जवळपास सारखे. पेशी खरोखरच उठल्या होत्या.

सरांनी खिशातून फोन काढला आणि नंबर दाबायला घेतला. अर्ध्यावर बोट थांबलं. फोन परत खिशात गेला.

"तुम्ही लावा हो तुमच्या घरी," ते मला म्हणाले. "कुणाला तरी सांगायला हवं."