फोटोवाल्याला न दिसलेलं लग्न

भिसेगावच्या मालोजींना आपल्या मुलीच्या, हिरूच्या, लग्नात फोटोवाला पाहिजेच होता. नुसती हौस म्हणून नव्हे. नवरा मुलगा भिवाजी शिळफाट्याचा, लष्करात शिपाई. चीनच्या लढाईनंतरचे ते दिवस. रजा कशीबशी मिळालेली, लग्न आटोपलं की त्याला पुन्हा सरहद्दीवर हजर व्हायचं होतं. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं एकदाच, तेही चहाच्या कपाआडून.

"तो जाईल तिकडं बर्फात," हिरूची आई आनंदीबाई म्हणाली, "आन पोरीला नवऱ्याचं तोंड तरी आठवाया नको का?"

म्हणून मालोजी नेरळला गेले. तिथं दामू नावाचा फोटोवाला स्टेशनाबाहेर बसायचा आणि माथेरानला येणाऱ्या पाहुण्यांचे फोटो काढायचा.

"लग्नाचे फोटू काढता का?" मालोजींनी विचारलं.

"लग्नाचे? अवो, या पट्ट्यात माझ्याबिगर लग्न लागत नाय!"

"तसं नव्हं, आमच्यात जरा येगळी पद्धत हाय. पयलं म्हंजे..."

"लग्न म्हंजे लग्न वो! अंतरपाट सरकला का खटका दाबायचा. डोळे झाकून करीन मी."

"डोळे उघडे ठेवून केलंत तर बरं," मालोजी म्हणाले, आणि तेवढ्यात दामूचं एक गिऱ्हाईक आल्यामुळे पुढचं सांगायचं राहून गेलं. पुढचं म्हणजे एवढंच, की मालोजींच्या घराण्यानं छप्पन्न साली बुद्धाचा धम्म स्वीकारला होता आणि तेव्हापासून त्यांच्या लग्नात ना अंतरपाट होता, ना भटजी, ना मुहूर्त.

लग्नाच्या दिवशी दामू वेळेआधीच भिसेगावात हजर झाला. मांडवासमोर त्यानं कॅमेऱ्याचे तीन पाय रोवले, वर काळं फडकं टाकलं आणि चौकशीला लागला. हिरूची आत्या सोनुबाई पानसुपारीचं तबक घेऊन चालली होती. तिला त्यानं गाठलं.

"मावशी, भटजी आले का?"

"भटजी नाय आमच्यात."

दामूला वाटलं, भटजींची गाडी चुकली.

"मुहूर्त कवाचा हाय?"

"मुहूर्त कसला? मानसं जमली का झालं."

सोनुबाई घाईत निघून गेली. भटजीच पोचला नाही तर मुहूर्त तरी कोण सांगणार, असा दामूनं हिशेब लावला. मग त्यानं मांडवात नजर टाकली. समोर एका मेजावर पांढरं कापड, त्यावर बुद्धाची मूर्ती, मागं बाबासाहेबांची तसबीर. मेणबत्त्या लागल्या, अगरबत्त्या लागल्या. पांढऱ्या लुगड्यातली एक मुलगी आणि पांढऱ्या सदऱ्यातला एक ताठ जवान पुढं येऊन बसले. लग्नाआधी घरच्या कुणीतरी पूजेला बसायची रीत असेल, दामू मनाशी म्हणाला. नवरी आत असेल, हिरव्या शालूत, बायका तिला नटवत असतील. फिल्म जपून वापरायला हवी.

बौद्धाचार्यांनी वंदना सुरू केली. सगळा मांडव त्यांच्यामागून म्हणू लागला. दामू भाविक माणूस; त्यानं टोपी काढली, हात जोडले. कान देऊन ऐकलं. शब्द कळत नव्हते, पण चाल फार गोड होती. मग त्या मुलीनं आणि जवानानं उभं राहून काहीतरी कबूल केलं, एकमेकांना हार घातले. तेवढ्यात कुणीतरी दामूच्या ओंजळीत फुलं ठेवली. सगळ्यांनी फुलं उधळली, तशी त्यानंही उधळली, आणि टाळ्याही जोरात वाजवल्या.

मग पंगत बसली. लग्नाआधीच जेवण बघून दामूला जरा नवल वाटलं, पण वांग्याची भाजी आणि लापशी अशी झाली होती की फार विचार करावासा वाटला नाही. हात धुऊन, पान लावून तो मालोजींकडे आला.

"हां, मालोजीराव. आता होऊन जाऊ द्या. लग्न कवा लावताय?"

मालोजींच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. "लग्न? लग्न लागलं की वो!"

"कुनाचं?"

"कुनाचं म्हंजे? माझ्या हिरूचं! तुमी बी फुलं टाकलीत, मी बघितलं!"

"अरं देवा! ती नवरी व्हती? मला वाटलं, पूजा चाललीय!"

"आन फोटू?"

दामूनं न उघडलेला फिल्मचा डबा पुढं केला.

बातमी मांडवभर पसरली. दामूनं हात जोडून सुचवलं, की पुन्यांदा लावा, दहा मिन्टांचं तर काम. बौद्धाचार्य म्हणाले, "नाही. वचन एकदा दिलं की दिलं. ते काय नाटक आहे, पुन्हा करून दाखवायला? पण नवरा-नवरी उभे राहून फोटो काढत असतील तर माझी काही हरकत नाही."

तर हार शोधायची पाळी आली. हिरूचा हार सापडला. भिवाजीचा शेळीनं अर्धा खाल्ला होता. सोनुबाईनं मांडवाच्या खांबाची झेंडूची माळ ओढून काढली आणि जावयाच्या गळ्यात घातली. ती गुडघ्यापर्यंत आली. बाहेर शिळफाट्याचा टेंपो भोंगा वाजवत होता. ऊन उतरायला लागलं होतं. आणि फोटो व्हायचाय म्हटल्यावर सगळं भिसेगाव दामूच्या भोवती गोळा झालं. काळ्या फडक्यात शिरून हा माणूस आत बघतो तरी काय, हे प्रत्येकाला पाहायचं होतं. एक म्हातारा तर त्याच्याबरोबर फडक्यात शिरला.

"बाबा, भायेर या! दोघांना जागा नाय!"

शेवटी दामू ओरडला, "रेडी!"

त्याबरोबर भिवाजीच्या टाचा खाड्कन जुळल्या. छाती पुढं, हनुवटी वर, नजर थेट समोरच्या आंब्याच्या शेंड्यावर.

"पाव्हनं, जरा सैल व्हा. विश्राम!"

भिवाजीनं पाय फाकले, हात पाठीमागं बांधले. चेहरा तोच.

"तसं नव्हं वो! नवरीकडं बघा, हसा!"

"सवय नाय," भिवाजी ओठ न हलवता म्हणाला.

हिरू त्याच्या उजव्या हाताला उभी होती. सकाळपासून तिचे डोळे जमिनीवरच होते आणि आता ते भरून आले होते. असला फोटो घेऊन ती काय करणार होती? त्यात तिचा नवरा तिच्याकडे नव्हे, आंब्याकडे बघत होता. दामूनं तिसऱ्यांदा "रेडी" म्हटलं, टाचा तिसऱ्यांदा वाजल्या, टेंपोचा भोंगाही वाजला. तेव्हा हिरू मान न वळवता, पदराआडून काहीतरी पुटपुटली.

भिवाजीची मान झटक्यात तिच्याकडे वळली. समोर तिचं तोंड. क्षणभर तो दचकला, मग असा खदखदून हसला की झेंडूची माळ हलायला लागली. हिरूलाही हसू आवरेना. दामूनं खटका दाबला.

पुढं भिवाजी आपल्या पलटणीत गेला, हिरू चार दिवस माहेरी आली. एका सकाळी दामू स्वतः फोटो घेऊन भिसेगावात आला. सगळे भोवती जमले. फोटो असा आला होता की आनंदीबाईनं तो दोनदा पदरानं पुसला.

"पोस्टानं धाडला असता," दामू म्हणाला, "पन मला रातची झोप लागंना. हिरूताई, तुमी त्यांना काय बोललात?"

"तेच तर आमाला बी सांगत नाय ही," सोनुबाई म्हणाली. "सांग की गं!"

हिरूनं बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग शाळेच्या कवायतीत मास्तर हुकूम द्यायचे तसं, पण हळू आवाजात, ती म्हणाली, "दाहिने देख!"

दामूनं लगेच उजवीकडे पाहिलं. मालोजींनी पाहिलं. आनंदीबाई आणि सोनुबाईनंही माना वळवल्या. तिकडं कुडाच्या भिंतीखेरीज काहीच नव्हतं.

"काय हाय गं तिकडं?" सोनुबाईनं विचारलं.